'झापणे' म्हणजे नेमकं किती बोलणं?

गच्चीवरचा

मंडळी, आमच्या सोसायटीच्या बैठकांचं इतिवृत्त लिहायचं काम या वर्षी माझ्या गळ्यात पडलं आहे. मागच्या बैठकीत पाण्याच्या टाकीवरून वाजलं. टाकी साफ झालेलीच नव्हती आणि सफाईचं बिल मात्र मंजुरीला आलं होतं. अध्यक्षांनी सचिवांना सगळ्यांसमोर जे काही सुनावलं, ते ऐकून चहावाला पोरगा ट्रे घेऊन दारातच थांबला. मी कच्च्या इतिवृत्तात लिहिलं, "याबाबत मा. अध्यक्षांनी सचिवांना झापले."

आता ग्रुपवर टाकीचा विषय मागे पडलाय आणि माझ्या क्रियापदावर चर्चा चालू आहे. सचिव म्हणतात, मला कोणी झापलेलं नाही, आमची चर्चा झाली. अध्यक्षांची तक्रार झापण्याबद्दल नाही, पण शब्द बाजारू आहे म्हणे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, 'खडसावले' लिहा, सभ्य आहे आणि पोचतंही.

मला पडलेला प्रश्न खरा आहे. रागावणं, ओरडणं, दटावणं, खडसावणं, फैलावर घेणं, खरडपट्टी काढणं या सगळ्यांत 'झापणे' कुठे बसतं? त्यात अपमान आहे की नुसता आवाज? आणि धाकट्याने थोरल्याला झापलं असं म्हणता येतं का?

कट्ट्यावरची

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. टाकी साफ झाली का ते आधी सांगा.

गच्चीवरचा

@कट्ट्यावरची, नाही.

खडूफळा

माझ्या मते 'झापणे'त तीन गोष्टी लागतात. समोरच्याची काहीतरी चूक हवी, झापणाऱ्याला तसा अधिकार हवा आणि प्रकार थोडक्यात आटपायला हवा. तासभर चाललं तर ते झापणं नाही, ते प्रवचन. चूक नसताना बोललं तर ती कटकट किंवा छळ. आणि अधिकार नसताना बोललं तर ते भांडण.

शाळेत पंचवीसेक वर्षं काढली, त्यामुळे या विषयात स्वतःला तज्ज्ञ समजायला हरकत नसावी. आमच्या काळी शिक्षक झापायचे, वर एक पट्टीही बसायची. आता शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ आहे, त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. पट्टी गेली ते उत्तमच झालं. पण झापणं नेमकं कुठे संपतं आणि मानसिक छळ कुठे सुरू होतो, हे वर्गात उभं राहून दर वेळी ठरवावं लागतं. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: गृहपाठाबद्दल झापायचं, अक्कलेबद्दल नाही. "वही का आणली नाहीस" हे झापणं. "तुझ्याकडून दुसरी काय अपेक्षा" हे झापणं नव्हे, ते जखम करणं झालं, मग आवाज कितीही खाली असो.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे इतका अभ्यास नसते भाऊ. आई 'रागावते', बाप 'झापते' आणि आजी दोघायलेही 'बोलते'. विषय संपला.

आंबोळी

आमच्या मालवणात आवस रागावत नाय, ओरडत नाय. ती गाळी घालता. आणि गाळी घालता म्हणजे शिव्या देता असा नाय हां! "मेल्या, जेवक ये" ह्यात 'मेल्या' प्रेमाचो. तोच 'मेल्या' परीक्षेच्या निकालादिवशी आयकलात तर समाजतला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रमाण मराठीत देते. मुंबईला शिकायला आले तेव्हा मैत्रिणी म्हणायच्या, "आई मला ओरडली." मला कळेचना, तुला ओरडली म्हणजे काय? तुझ्यावर ओरडली की तुझ्या नावाने ओरडली?

शुद्धलेखन_पोलीस

@आंबोळी, तुमची शंका रास्त आहे. 'ओरडणे' अकर्मक. त्याला 'मला' लावणं हा मुंबईचा आणि कोकणपट्टीचा प्रघात, घाटावर अजूनही खटकतो. 'रागावणे'चीही तीच गंमत. "ती माझ्यावर रागावली" म्हटलं तर तिच्या मनात राग आहे, कदाचित बोलतही नसेल. "ती मला रागावली" म्हटलं तर ती बोलली. विभक्ती बदलली की रुसणं आणि दटावणं वेगळं होतं. विदर्भात तर "तिनं मला रागावलं" असं सरळ सकर्मक करून टाकतात.

'झापणे' पहिल्यापासून सकर्मक. कोणाला तरी झापावंच लागतं, नुसतं हवेत झापता येत नाही. "तो घरभर ओरडत होता" चालतं, "तो घरभर झापत होता" चालत नाही. म्हणून मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात निशाणा आहे.

कट्ट्यावरची

"तो घरभर झापत होता" चालत नाही? माझ्या सासऱ्यांना भेटा एकदा.

उपसंपादक

वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. 'झापले' हा शब्द बाजारू असेल तर तो बाजारात आम्हीच आणून बसवला आहे. "हायकोर्टाने पालिकेला झापले" हा मथळा प्रत्येकाने वाचला असेल. कारण भाषिक नाही, जागेचं आहे. एक कॉलमी बातमीत 'न्यायालयाने तीव्र नाराजी व्यक्त केली' मावत नाही. 'झापले' तीन अक्षरांत बसतं, शिवाय जोडाक्षर नाही.

पण डेस्कवर याची एक उतरंड असते. कोर्ट नुसतं 'प्रश्न विचारते' ही सर्वांत खालची पायरी. मग 'कान टोचले', मग 'खडसावले', 'फटकारले', 'झापले'. 'ताशेरे ओढले' या सगळ्यांच्या वर. नवीन पोरं हे सगळे शब्द एकमेकांना पर्याय म्हणून वापरतात, एकाच बातमीत चार वेळा चार. मथळ्यात फटकारले, पहिल्या परिच्छेदात झापले, दुसऱ्यात कानउघाडणी, शेवटी ताशेरे. न्यायमूर्तींनी प्रत्यक्षात एवढंच विचारलेलं असतं, "खड्डे कधी बुजवणार?"

अर्धवट_वकील

@उपसंपादक, तुमच्या उतरंडीत एक कायदेशीर पाचर मारतो. 'ताशेरे' फक्त लेखी आदेशात असतात, निदान असायला हवेत. भर कोर्टात न्यायमूर्ती तोंडी काय बोलतात ते निराळं, सहीनिशी बाहेर पडणारा आदेश निराळा. तोंडी बोलण्याला 'झापले' म्हणा, माझी हरकत नाही, उलट तोच शब्द योग्य. पण आदेशात एक ओळही नसताना 'ताशेरे' लिहिता तेव्हा आमचे अशील फोन करून विचारतात, "साहेब, आपल्यावर ताशेरे ओढले म्हणे, पुसून मिळतील का?"

आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोविडची लाट जोरात असताना प्रचारसभा होऊ दिल्या म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाला सुनावलं. आयोगाच्या अधिकाऱ्यांवर खुनाचे गुन्हे दाखल करायला हवेत, इथपर्यंत. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. मागणी काय, तर असल्या तोंडी शेऱ्यांच्या बातम्या छापायला माध्यमांना बंदी करा. न्या. चंद्रचूड आणि न्या. शहा यांच्या खंडपीठाने ६ मे २०२१ ला ती मागणी फेटाळली. शेरा कठोर आणि अनुचित होता असं त्यांनीही म्हटलं. पण तो आदेशात नव्हताच, मग काढून टाकायचा कुठून? आणि सुनावणीत काय बोललं गेलं हे लोकांना कळायला हवं, असंही ठणकावलं.

मराठीत सांगायचं तर ताशेरे पुसता येतात. झापलेलं पुसता येत नाही.

मुद्दा_क्र_सात

@अर्धवट_वकील, शेवटच्या दोन वाक्यांना दंडवत. पण म्हणजे गच्चीवरचा यांनी इतिवृत्तात लिहिलं की ते झापणं राहतच नाही, ताशेरे होतात! सचिव त्यासाठीच भांडताहेत. बैठकीत बोलणी खाल्ली ती विसरली जातील, कागदावरचं राहील.

निवृत्त_कारकून

हा धागा माझ्यासाठीच निघाला आहे असं वाटलं म्हणून लॉगिन केलं. पासवर्ड शोधण्यात सकाळ गेली.

मंत्रालयात आणि त्याआधी जिल्ह्याला अशी माझी नोकरी झाली. सरकारी भाषेत झापणे नाही. म्हणजे झापतात रोज, पण त्याचा कागद होत नाही. कागद व्हायला लागला की शब्द बदलतात आणि प्रत्येक शब्दाला वजन असतं. 'समज दिली' म्हणजे साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. 'ताकीद' म्हणजे लेखी आलं. 'सक्त ताकीद' म्हणजे लेखी आलं आणि साहेब खरोखर चिडलेले आहेत. 'कारणे दाखवा' म्हणजे आता उत्तराची भाषा तुम्ही जपायची. आणि 'ठपका ठेवणे' ही तर चक्क शिक्षा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ उघडून बघा, किरकोळ शिक्षांच्या यादीत पहिली तीच. ताकीद त्या यादीत नाही. म्हणून जुने लोक म्हणायचे, साहेब ओरडू दे, फायलीवर काही लिहू नये म्हणजे झालं.

आमच्या एका साहेबांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून पोर्चमध्ये ऐकू यायचा. रोज कोणीतरी झाप खायचं. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत एकाचाही गोपनीय अहवाल त्यांनी खराब केला नाही. त्यांच्यानंतर जे आले ते अतिशय मृदू, सगळ्यांना 'अहो जाहो', चहा पाजायचे. त्यांनी दोन जणांच्या पदोन्नत्या अडकवल्या, आणि त्या दोघांना कळलं तेव्हा साहेबांची बदली होऊन गेलेली. तेव्हापासून ओरडणाऱ्या माणसाबद्दल माझं मत जरा मऊच आहे.

दूरदेशी

@निवृत्त_कारकून, तुमचे दुसरे साहेब सध्या न्यू जर्सीत माझे मॅनेजर आहेत. आवाज कधी चढत नाही. "छान काम, फक्त एक छोटीशी सूचना" असं म्हणतात आणि मग संध्याकाळपर्यंत आपल्याला कळतं की आपण झापले गेलो. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मला झापलं जातंय हेच कळत नव्हतं. वर्षअखेरच्या मूल्यमापनात कळलं.

इथे वाढलेल्या माझ्या मुलीला मराठी जेमतेम येतं, पण "बाबा, झापू नको ना" बरोबर त्या वेळी येतं.

मोडीवाला

झापण्याचा विषय निघाला आहे आणि कोणी जिवाजी विनायकाचं नाव घेतलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

जानेवारी १६७५. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या नाकावर टिच्चून पद्मदुर्ग उभा राहत होता. आरमाराचे दौलतखान आणि दर्यासारंग तिथे गुंतलेले. त्यांना पैसा आणि धान्य पोचवायचं काम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याचं. ते पोचलं नाही. त्यावर शिवाजी महाराजांचं त्याला गेलेलं पत्र उपलब्ध आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं, मराठीत एखाद्याला कसं झापावं याचा तो वस्तुपाठ आहे.

त्यात शिवीगाळ नाही. आधी त्याच्या दिरंगाईने काय बिघडलं ते सांगितलं आहे. मग सरळ संशय: हबशांनी काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले असेल, म्हणून ही बुद्धी झाली असेल. मग अशा चाकराला ठिकाणावर आणायला हवं, असा दम. आणि मग तो प्रसिद्ध प्रश्न, ब्राह्मण म्हणून कोण मुलाहिजा करू पाहतो? वाचणाऱ्याच्या हातातून कागद पडला असेल.

खडूफळा यांच्या तिन्ही अटी यात आहेत: चूक, अधिकार, आटोपशीरपणा. फक्त 'झापणे' हा शब्द नाही.

शुद्धलेखन_पोलीस

@मोडीवाला, सुरेख. 'मुलाहिजा' वरून एक सुचलं. आपल्याकडच्या अधिकृत रागाचे शब्द बघा: ताकीद, तंबी, हजेरी, मुलाहिजा. सगळे अरबी-फारसीतून आलेले, दरबारातून आणि कचेरीतून. आणि घरगुती रागाचे शब्द: दटावणे, झापणे, खेकसणे, डाफरणे, वसकन अंगावर येणे. हे सगळे अस्सल देशी वळणाचे. नोकरीतला राग परका, घरचा राग आपला.

कट्ट्यावरची

घरचा राग आपला. फ्रेम करून देवघराशेजारी लावते.

वस्तरा

इतके शब्द आले आणि माझ्या धंद्यातला एकही नाही? आमचं तीन पिढ्यांचं सलून. 'बिनपाण्याने केली' म्हणजे काय ते ज्याची दाढी कोरडी झाली आहे त्यालाच विचारा. पाणी न लावता वस्तरा फिरवला की केस निघतो, पण सालटंही निघतं. 'भादरली', 'हजामत केली', 'चंपी केली', हे सगळे आमच्याकडून नेलेले शब्द, आणि कोणी कधी परत आणून दिले नाहीत. 'धारेवर धरणे'वर मात्र आम्ही हक्क सांगत नाही, धार विळ्यालाही असते.

झापणं आणि बिनपाण्याने करणं यात फरक आहे. झापताना माणूस तापलेला असतो. बिनपाण्याने करणारा थंड असतो. त्याचा हात हलत नाही.

आंबोळी

@वस्तरा, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. लोकहो, असं आहे, दोन ओळीत काम करून गेले.

शुद्धलेखन_पोलीस

अवांतर: 'हजामत'च्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा अर्थ तुंबड्या लावून रक्त काढणं. न्हावीच ते काम करायचा, म्हणून नाव दाढीला चिकटलं. म्हणजे 'साहेबांनी माझी हजामत केली' हे मूळ अर्थानेही बरोबरच.

घाटवाट

अतिअवांतर: जुन्नर-भीमाशंकरकडे डोंगरात भटकणाऱ्यांना 'झाप' म्हटलं की रानातलं खोपटं आठवतं. "रात्री झापावर मुक्काम" असं आम्ही बिनदिक्कत लिहितो. घरच्यांनी एकदा विचारलं, रात्रभर झापत होते का तुम्हाला? नाही हो, भाकरी-पिठलं दिलं त्या मावशींनी. झापलं ते घरी आल्यावर, फोन लागत नव्हता म्हणून.

आंबोळी

आमच्याकडे झाप म्हणजे नारळाच्या झावळाचं विणलेलं. पावसाळ्याआधी पडवीला लावतात. तेव्हा "बाबा झापां लावतत" ह्यात कोणाक बोलणी नाय.

मुद्दा_क्र_सात

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ प्रश्नातला एक भाग कोणीच घेतला नाही तो घेतो. धाकट्याने थोरल्याला झापता येतं का?

माझं म्हणणं, येतं, आणि तेव्हाच त्या शब्दाला मजा येते. "नातीने आजोबांना झापलं" म्हणा. साखर असताना पेढा खाल्ला म्हणून. ऐकणारा हसतो, कारण अधिकाराची पायरी उलटी झाली. "नातीने आजोबांना फैलावर घेतलं" म्हणून बघा. हसू येत नाही, नातीचा राग येतो. म्हणजे झापण्यात एक घरगुतीपणा आहे. ज्याला झापलं त्याच्याशी संबंध तुटलेला नाही, हे त्या शब्दात गृहीत आहे.

खडूफळा

सहमत. आणि अजून एक बघा. झापलेला माणूस स्वतःच सगळ्यांना सांगतो, "आज मला सरांनी कसलं झापलं!" हसत सांगतो. पाणउतारा झालेला माणूस सांगत फिरत नाही.

स्वयंपाकघरातून

मी फार लिहीत नाही, वाचते फक्त. पण वरचं घरगुतीपणाचं पटलं नाही.

झापण्यात घरगुतीपणा आहे हे झापणाऱ्याच्या खुर्चीतून दिसतं. आमच्या घरात सासूबाई कधीही कोणालाही झापत नव्हत्या. आवाज नाही, काही नाही. नणंदेला म्हणायच्या, "काही लोकांना मीठ किती घालावं हे आईने शिकवलेलं नसतं गं." लेकी बोले सुने लागे. नणंद बिचारी निमूट जेवत असायची, कारण आमटी मी केलेली असायची. याला तुम्ही कुठल्या पायरीवर ठेवणार? झापलं असतं तर मी उत्तर तरी दिलं असतं. जे आपल्याला बोललेलंच नाही त्याला उत्तर काय देणार?

आणि ऑफिसातले साहेब ओरडायचे पण मनाने चांगले होते, हेही मी फार ऐकलं आहे. तो आवाज रोज ज्यांच्या अंगावर यायचा त्यांच्यापैकी कोणाला तरी विचारा एकदा. हसत सांगतात खरं. दुसरं काय करणार?

निवृत्त_कारकून

@स्वयंपाकघरातून, ताई, त्या साहेबांच्या हाताखाली एक टंकलेखिका होत्या. त्यांनी दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली होती, पगारात तोटा नव्हता पण घरापासून लांब पडत होतं. तुमचं वाचून त्या आठवल्या. आम्ही पुरुष मंडळी त्या आवाजाची नक्कल करून जेवणाच्या सुट्टीत हसायचो.

मुद्दा_क्र_सात

@स्वयंपाकघरातून, तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्यावर भारी आहे. तरी थोडा टिकवून धरतो: संबंध तुटलेला नाही हे झापणारा गृहीत धरतो. ज्याला झापलं तो धरेलच असं नाही. शब्द मात्र झापणाऱ्याच्या बाजूचा आहे.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे मी पयलेच जे म्हटलं थेच. बाप झापते, अन् बोलते मात्र आजी.

दूरदेशी

एक निरीक्षण. मराठीत मार खातात, शिव्या खातात, बोलणी खातात, ओरडा खातात, झाप पण खातात. "मी झापला गेलो" कोणी म्हणत नाही (वर मीच म्हटलंय, परदेशात राहून भाषा बिघडली). इतकं सगळं खाऊन मराठी माणूस बारीक कसा?

कट्ट्यावरची

कोण बारीक?? फोटो टाका.

उपसंपादक

@गच्चीवरचा, इतिवृत्ताचं एवढं मनावर घेत असाल तर धंद्यातला सल्ला देतो. विशेषणं आणि क्रियापदं काढा, वाक्यं ठेवा. "टाकीची सफाई झालेली नसताना बिल का सादर केले, असे अध्यक्षांनी विचारले. सचिवांनी उत्तर दिले नाही." झालं. वाचणाऱ्याला कळतं कोणी कोणाला काय केलं. सचिवही हरकत घेऊ शकत नाहीत, कारण एकही शब्द खोटा नाही.

अर्धवट_वकील

+१. शिवाय पुढे कोणी उपनिबंधकांकडे गेलंच तर "झापले"चा काही उपयोग नाही. "विचारले, उत्तर दिले नाही" याचा आहे.

वस्तरा

हेच ते बिनपाण्याने.

गच्चीवरचा

मंडळी, उपसंपादकांचा मजकूर जसाच्या तसा टाकला. सचिवांनी आधी अंगठा दाखवला, मग अर्ध्या तासाने तो काढला, आणि मग मला वैयक्तिक मेसेज आला: "ते आधीचं झापले बरं होतं."

काकूंनी 'झापले'ला शेवटपर्यंत मान्यता दिली नाही, पण काल लिफ्टमध्ये त्यांच्या नातवाला म्हणत होत्या, "वरच्या आजोबांना बेल वाजवून त्रास दिलास तर झापीन हं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

कट्ट्यावरची

आणि टाकी?

गच्चीवरचा

रविवारी.

नवा_भिडू

इथे नवीन आहे, धागा छान. आमच्याकडे सोलापुरात 'झापणे' फार ऐकलं नाही, 'वरडणे' आणि 'शिव्या घालणे' जास्त. एक विचारायचं होतं: 'हाग्या दम' हा शब्द स्त्रियांसमोर वापरावा का? ऑफिसात वापरला तर सगळे गप्प झाले.

आंबोळी

@नवा_भिडू, स्त्रिया वापरतात की तो. मीच काल वापरला, गॅसवाल्याला. सिलिंडर संध्याकाळी आला.

संपादक_मंडळ

वरचे दोन प्रतिसाद विषयाला धरून असल्याने ठेवत आहोत. त्याखाली आलेले तीन, ज्यांत एका जवळच्या क्रियापदाची सविस्तर व्युत्पत्ती दिली होती, ते काढून टाकले आहेत. संबंधितांना समज देण्यात आली आहे.

वऱ्हाडी_ठेचा

झापलं म्हणा ना सरळ.